सॅन फ्रान्सिस्कोत हसले ते कोण होते?

गेल्या महिन्यात एका मित्राच्या घरी आम्ही सहा-सात जण 'इन्क्युबस' बघायला जमलो होतो. १९६५ साली कॅलिफोर्नियात चित्रित झालेला, कृष्णधवल, भुताखेतांचा सिनेमा. आणि त्यातलं प्रत्येक वाक्य एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या भाषेत. सिनेमा सव्वा तासात संपला, त्यावरचं भांडण मात्र रात्री साडेबारापर्यंत चाललं. आयुष्यभर भाषाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "बनवलेल्या भाषेत माणसाला रडता येत नाही. हा सिनेमा म्हणजे त्याचा पुरावा." मोबाइलवर एस्पेरांतो शिकणारी एक पंचविशीतली मुलगी तावातावाने उठली. "हा एस्पेरांतोचा सिनेमाच नाही काका. नटांना भाषाच येत नव्हती. पहिला खरा सिनेमा 'आंगोरोय', तो बघा आणि मग बोला." पुढचे दोन-अडीच तास हीच दोन वाक्यं चढत्या आवाजात फिरत राहिली.

मला दोघांचंही पटलं नाही, कारण वरून विरोधी दिसणाऱ्या त्या दोन वाक्यांच्या बुडाशी एकच समजूत होती: सिनेमा चालला नाही तर दोष जिभेचा. एकाच्या मते भाषेत जीव नाही, दुसरीच्या मते उच्चारात. माझं म्हणणं असं, की एस्पेरांतोचे सुरुवातीचे सिनेमे जिभेमुळे पडले नाहीत, खुर्च्यांमुळे पडले. सिनेमाला एका छपराखाली, एकाच वेळी, तिकीट काढून बसलेली माणसं लागतात. एस्पेरांतोची माणसं गावोगाव एकेकटी होती, आणि ज्या कामासाठी ती भाषा जन्माला आली ते कामच असं होतं की ती तशीच असणार. या माणसांना वगळून हॉलिवूडने जेव्हा ही भाषा उचलली, तेव्हा ती 'कोणाचीच नाही' म्हणून उचलली. त्या वापराचा जाब भाषेला विचारणं म्हणजे शेजाऱ्याने नेलेल्या पातेल्यात त्याची आमटी करपली म्हणून पातेल्याला दोष देणं.

ज्यांना या भाषेची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोलंडमधल्या ब्यावीस्तोक गावात रशियन, पोलिश, जर्मन, यिडिश बोलणारे लोक एकाच बाजारात एकमेकांकडे संशयाने बघत. तिथे वाढलेले डोळ्यांचे डॉक्टर लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सातून एक छोटं पुस्तक काढून ही भाषा मांडली. नियम सोळा. नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ', आणि कर्माला 'न'चा प्रत्यय. 'हुंदो मोर्दास कातोन' म्हणा किंवा 'कातोन मोर्दास हुंदो' म्हणा, चावणारा कुत्राच राहतो आणि मांजरच चावून घेतं. विभक्तीला सरावलेल्या मराठी माणसाला हे एका संध्याकाळी कळतं. इंग्रजीच्या शब्दक्रमात वाढलेल्याला जरा वेळ लागतो.

आता सिनेमाकडे. मूकपटांच्या काळात सिनेमाच जगाची समाईक भाषा आहे अशी एक लाडकी कल्पना होती, आणि तिला नाव देताना अनेक जण एस्पेरांतोचीच उपमा देत. पाट्या बदलल्या की तोच सिनेमा बर्लिनमध्येही चाले आणि मुंबईतही. मग आवाज आला. खरं तर एखादी समाईक भाषा कामाला आली असती तर याच वेळी. झालं काय? पॅरामाउंट कंपनीने १९३० मध्ये पॅरिसजवळ जोआंव्हीलला स्टुडिओ थाटला आणि त्याच सेटवर, त्याच पटकथेवर एकामागून एक भाषांतले नटसंच उभे केले. सकाळी स्वीडिश, दुपारी स्पॅनिश असा तो खाक्या. आपल्याकडे प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केला आणि पुढेही कित्येक वर्षं हा दुहेरी खटाटोप चालवला. इतका पैसा, इतका घाम. पण 'सगळ्यांना एकच भाषा शिकवू' असं कोणत्याही निर्मात्याच्या मनात आलं नाही.

इथे काकांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा येतो आणि तो मी मान्य करतो. प्रेक्षक सिनेमाला नुसतं समजून घ्यायला जात नाही, आपलं काहीतरी ऐकायला जातो. दुर्गा खोट्यांची तारामती मराठीत बोलली की कोल्हापूरच्या बाईला ती आपली वाटते. समाईक भाषेत बोलली असती तर फार तर समजली असती. 'समजणं' आणि 'आपलं वाटणं' यातलं अंतर एस्पेरांतोच्या चाहत्यांनी नेहमीच कमी लेखलं. बोलपटाने जगाची बाजारपेठ भाषांत तोडली आणि त्या तुकड्यांत ज्याच्याकडे रस्ता नाही, चौक नाही, आजी नाही अशा भाषेला जागा उरली नाही. कबूल. पण यातून काय सिद्ध होतं? एवढंच, की एस्पेरांतो कोट्यवधींच्या बाजारासाठी नव्हती. कोट्यवधींच्या बाजारात नसणं म्हणजे मेलेलं असणं, असा नियम लावायचा तर जगातल्या निम्म्याहून अधिक भाषांचं तेरावं आजच घालावं लागेल.

हॉलिवूडने तिचं काय केलं ते जवळून बघण्यासारखं आहे. रॉबर्ट शेरवूड यांचं 'इडियट्स डिलाइट' हे युद्धविरोधी नाटक १९३६ चं. घडतं इटलीच्या आल्प्समधल्या एका हॉटेलात, सैनिक इटालियन. एमजीएमने त्यावर क्लार्क गेबल आणि नॉर्मा शिअररला घेऊन सिनेमा काढायला घेतला तेव्हा मुसोलिनीचं सरकार नाराज होईल आणि इटलीतला धंदा बुडेल ही धास्ती. तोडगा निघाला: देश निनावी करा आणि तिथल्या माणसांच्या तोंडी एस्पेरांतो द्या. १९३९ साली सिनेमा आला तेव्हा पडद्यावर गणवेशातली माणसं अस्खलितपणे 'कुठलीच नसलेली' भाषा बोलत होती. माणसांना जोडायला काढलेली भाषा इथे कोणाचं नाव न घेता बोलायच्या सोयीसाठी खर्ची पडली.

पुढच्याच वर्षी चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर'. त्यातल्या ज्यू वस्तीच्या रस्त्यावरच्या दुकानांवर नीट लक्ष ठेवलं तर दिसतं: पाट्या एस्पेरांतोत आहेत. एकीवर 'जुने कपडे' अशा अर्थाचे शब्द. मला हा वापर वेगळा वाटतो. झामेनहोफ ज्यू होते. हिटलरने 'माइन काम्फ'मध्ये या भाषेला ज्यूंच्या कारस्थानाचं हत्यार ठरवलं होतं. ज्या १९४० साली हा सिनेमा लोकांसमोर आला, त्याच वर्षी झामेनहोफांचा मुलगा आडाम याला नाझींनी गोळ्या घातल्या. दोन मुली, झोफिया आणि लिदिया, पुढे १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत मारल्या गेल्या. चॅप्लिनच्या मनात हे सगळं होतं की त्यालाही फक्त एक निनावी देश हवा होता, यावर मी पैज लावणार नाही. पण भाषेवर बंदूक रोखली गेली ती कोणीतरी तिची माणसं होती म्हणूनच ना? 'कोणाचीच नसलेली' भाषा बोलणाऱ्याला कोण कशाला पकडेल? स्टालिनच्या राज्यात १९३७ च्या सुमारास एस्पेरांतिस्त, म्हणजे ही भाषा बोलणारे, तुरुंगात गेले, मारले गेले, त्यांचा गुन्हा हाच होता की परदेशातल्या माणसांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. सत्ताधाऱ्यांना जे स्वच्छ दिसलं ते आमच्या काकांना दिसू नये याचं मला नवल वाटतं.

आणि मग 'इन्क्युबस'. दिग्दर्शक लेस्ली स्टीव्हन्स यांची 'द आउटर लिमिट्स' ही दूरचित्रवाणी मालिका नुकतीच बंद झाली होती. छायालेखक कॉनरॅड हॉल, ज्यांना पुढे तीन ऑस्कर मिळाली. नायक विल्यम शॅटनर, तोवर 'स्टार ट्रेक'चा कॅप्टन न झालेला. पटकथा इंग्रजीत लिहून मग एस्पेरांतोत उतरवली गेली आणि नटांनी संवाद पोपटासारखे पाठ केले. कारण काय, तर परलोकातलं, कुठलंच नसल्यासारखं वातावरण हवं होतं. म्हणजे पुन्हा तेच. चित्रणासाठी कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या मिशन चर्चची जागा हवी होती. भुतांचा सिनेमा म्हटल्यावर परवानगी मिळणार नाही म्हणून मॉन्टेरेच्या धर्मगुरूंवरचं काहीतरी सात्त्विक प्रकरण आहे असं भासवलं गेलं, अशी हकीकत सांगतात, आणि संवाद कोणाला कळत नसल्याचा त्यात फायदाच झाला म्हणे. सैतानाने वेदमंत्र म्हणावेत तसा हा प्रकार.

पण माझ्या मते या सगळ्या वादातला निर्णायक पुरावा पडद्यावर नाही, प्रेक्षागृहात आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चित्रपट महोत्सवात हा सिनेमा दाखवला गेला तेव्हा प्रेक्षकांत एस्पेरांतिस्त होते. नटांनी तोंड उघडलं आणि ते हसायला लागले. भयपट चालू आहे, पडद्यावर माणसाचा आत्मा नरकात ओढला जातोय आणि खाली खसखस पिकतेय. काका ही गोष्ट सांगतात ती भाषेच्या फजितीची म्हणून. मुलगी सांगते ती सिनेमाच्या फजितीची म्हणून. थांबून एक प्रश्न कोणी विचारत नाही: हसले ते कोण होते? चुकीचा उच्चार कानाला खटकायचा तर बरोबर उच्चार कानात आधी घर करून बसलेला लागतो. मेलेल्या भाषेचे उच्चार चुकले म्हणून कोणी खुर्चीत बसून हसत नाही, फार तर तळटीप लिहितो. ते हसू म्हणजे त्या भाषेच्या जिवंतपणाचा सिनेमाने अजाणता घेतलेला दाखला होता.

मुलीच्या मुद्द्यालाही इथेच उत्तर आहे. नटांना भाषा येत नव्हती म्हणून सिनेमा त्या भाषेचा नाही, हे मापदंड म्हणून टिकत नाही. त्याच १९३० च्या आसपास लॉरेल आणि हार्डी स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, जर्मन आवृत्त्यांसाठी फळ्यावर उच्चार लिहून घेऊन संवाद म्हणत. त्यांना त्यातली एकही भाषा येत नव्हती. स्पेनमधले लोक हसले, आणखीच खूश झाले. इटलीत तर तो मोडका उच्चार इतका आवडला की नंतर डबिंग करणाऱ्यांनीही तो मुद्दाम तसाच ठेवला. लॉरेलच्या स्पॅनिशमुळे स्पॅनिश भाषा कृत्रिम ठरली का? शॅटनरच्या एस्पेरांतोने एस्पेरांतोचं तेवढंच बिघडलं. फरक एवढाच की स्पॅनिश प्रेक्षकांनी थिएटरं भरली होती आणि एस्पेरांतिस्त सगळ्या कॅलिफोर्नियातून गोळा करूनही एखादी रांग भरली असती.

काकांकडे आणखी एक मुद्दा होता, तो असा झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणाले, सिनेमाच्या संवादात माणसाची जात, गल्ली, शाळा, दारिद्र्य सगळं ऐकू यायला हवं. चोर आणि फौजदार जर एकसारखी शुद्ध भाषा बोलणार असतील तर नाट्य कुठून येणार? एस्पेरांतोत बोली नाहीत. सगळे शिकून आलेले. हे बोचतं, कारण खरं आहे. पण मग आपल्याच पडद्याकडे बघू. पौराणिक मराठी बोलपटांत 'नाथ', 'आर्य' असं जे बोलत होते ते कुठल्या वाड्यात, कुठल्या चाळीत बोललं जात होतं? ती संगीत नाटकाने घडवलेली, रंगमंचासाठी बनवलेली भाषाच होती, आणि तिच्यात माणसं ढसाढसा रडत होती. जी. व्ही. अय्यर यांचा 'आदि शंकराचार्य' १९८३ चा, पूर्णपणे संस्कृतमध्ये. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शंकराची आई आणि गावची मुलं एकसारख्या पाणिनीय संस्कृतात बोलतात म्हणून तेव्हा कोणी नाक मुरडल्याचं मला आठवत नाही. संस्कृतला आपण अडीच हजार वर्षांच्या पुण्याईची सूट देतो. द्यावी. पण मग ती सूट पुण्याईची आहे, व्याकरणाची नाही, एवढं तरी मान्य करू.

याहून मजेशीर विसंगती पुढे आहे. शॅटनर सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या पडद्यावर एस्पेरांतो बोलत होता त्याच्या जेमतेम दीड महिना आधी 'स्टार ट्रेक' सुरू झाली होती. त्याच विश्वातल्या परग्रहवासीयांसाठी पुढे मार्क ओक्रँड यांनी क्लिंगॉन भाषा बनवली, आणि ती लोकांनी हौसेने शिकली. 'अवतार'मधली नावी, तीही बनवलेली. निळ्या कातडीच्या, शेपटीच्या प्राण्याने बनवलेली भाषा बोललेली चालते. कोट घातलेल्या माणसाने बोलली की कृत्रिम! मग आक्षेप भाषेवर आहे की माणसांनी मुद्दाम ठरवून एकमेकांशी नीट बोलावं या कल्पनेवर?

'बनवलेल्या भाषेत रडता येत नाही' याला माझं उत्तर सिनेमातलं नाही, पुस्तकातलं आहे. तिवादार नावाचे बुडापेस्टचे एक वकील पहिल्या महायुद्धात सायबेरियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत एस्पेरांतो शिकले. परत आल्यावर त्यांनी १९२२ मध्ये 'लितेरातुरा मोंदो' हे एस्पेरांतो वाङ्मयाचं मासिक सुरू करण्यात पुढाकार घेतला. १९३६ मध्ये ज्यूंवरचा रोख ओळखून त्यांनी श्वार्त्झ हे आडनाव बदलून सोरोस केलं. एस्पेरांतोत 'सोरोस' हे भविष्यकाळाचं रूप, अर्थ 'उंच भरारी घेईल'. (हो, जॉर्ज सोरोस यांचे वडील तेच.) १९४४ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या बुडापेस्टात खोटी कागदपत्रं करून त्यांनी कुटुंबाला आणि इतर अनेकांना वाचवलं. त्या वर्षाची आठवण त्यांनी लिहिली ती हंगेरियनमध्ये नाही, एस्पेरांतोत. पुस्तक आलं १९६५ साली, नाव 'मृत्यूभोवतीचा मुखवट्यांचा खेळ' अशा अर्थाचं. म्हणजे ज्या वर्षी कॅलिफोर्नियात काही नट ही भाषा न कळता खोट्या भुतांना घाबरण्याचा अभिनय करत होते, त्याच वर्षी एक म्हातारा माणूस तीच भाषा वापरून खऱ्या मरणाबद्दल लिहीत होता. दोन्हींतला फरक व्याकरणात शोधून सापडेल का?

पुस्तक निभावलं आणि सिनेमा नाही, याचं कारण त्यामुळे दुसरीकडे शोधायला हवं. पुस्तक टपालाने जातं. ओस्लोत एक वाचक, साओ पाउलोत एक, ओसाकात तीन, असे हजार जमले की छपाईचा खर्च निघतो. रेडिओलाही हॉल लागत नाही. पोलिश रेडिओने १९५९ मध्ये आणि पेकिंगने १९६४ मध्ये एस्पेरांतो प्रसारण सुरू केलं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. कविता तर काय, विल्यम ऑल्ड या स्कॉटिश कवीचं दीर्घकाव्य 'ला इन्फाना रासो' १९५६ मध्ये आलं आणि त्यावर आजही चर्चा होते. जे जे पाकिटातून किंवा हवेतून जाऊ शकलं ते जगलं. सिनेमा मात्र पत्र्याच्या डब्यातली जड रिळं. ती एका गावी न्यायची, प्रोजेक्टर आणि हॉल भाड्याने घ्यायचा, आणि तिकीट काढणार कोण? त्या गावातले चार एस्पेरांतिस्त, त्यातले दोन एकमेकांशी बोलत नाहीत!

'आंगोरोय'चं हेच झालं. १९६४, फ्रान्स, दिग्दर्शक जाक-लुई माहे, लांबी तासभर. नावाचा अर्थ 'तगमग'. कथा पॅरिसमधल्या गुन्हेगारीची, म्हणजे काकांच्या चोर-फौजदारांची. आणि यात भाषा येणारी माणसं होती. रेमों श्वार्त्झ हे त्यातले एक: बँकेतली नोकरी करून एस्पेरांतोत विनोद लिहिणारे, १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये 'हिरवी मांजर' नावाचं एस्पेरांतो कॅबरे चालवणारे, कोट्यांचे बादशहा. बोली नसलेल्या भाषेत कोट्या कशा होतात, हे काकांनी त्यांना विचारायला हवं होतं. सिनेमाचे पैसे बुडाले. तो वाईट होता म्हणून? मला तो थोर वगैरे वाटत नाही. मुलीने त्याला डोक्यावर घेऊन नाचण्याचं कारण नाही. पण त्याच्याहून रटाळ फ्रेंच गुन्हेपट त्या वर्षी पैसे कमावून गेले असतील, कारण त्यांच्यासाठी प्रत्येक गावात एक अंधारी खोली आणि दोनशे खुर्च्या तयार होत्या.

लहान भाषेला सिनेमा परवडत नाही असंही नाही. पहिला कोकणी बोलपट 'मोगाचो आंवडो' २४ एप्रिल १९५० चा, जेरी ब्रागांझा यांचा. कोकणी तेव्हा राज्यभाषा तर सोडाच, गोव्यात पोर्तुगीजांच्या सावलीत आणि मराठीशी वादात होती. लिपीवरूनही एकमत नव्हतं. पण तियात्राला, म्हणजे कोकणी नाटकाला, एका छपराखाली बसायची सवय असलेले प्रेक्षक म्हापशाला, मडगावला आणि मुंबईत धोबीतलावला एकगठ्ठा होते. भाषेला मान नव्हता, बाकडी होती. एस्पेरांतोकडे नेमकं उलट: युनेस्कोने १९५४ मध्ये माँतेव्हिदेओच्या ठरावात तिचं कौतुक केलं, आणि बाकडं एकही नाही.

'इन्क्युबस'ला अमेरिकेत धड वितरक मिळाला नाही. वर्षं गेली, प्रती हरवल्या. १९९६ मध्ये पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेज या चित्रपट संग्रहालयात एक प्रिंट सापडली, तिच्यावर फ्रेंच उपशीर्षकं कायमची कोरलेली. ती झाकायला तिच्यावर काळी पट्टी टाकून इंग्रजी उपशीर्षकं चिकटवली गेली. मित्राच्या भिंतीवर त्या रात्री आम्ही बघितलं ते असं: तोंडातून एस्पेरांतो, खाली काळ्या पट्टीत इंग्रजी, पट्टीच्या कडेने डोकावणारी फ्रेंच अक्षरांची शेपटं, आणि मागच्या सोफ्यावरून मित्राच्या आईला चाललेलं मराठी समालोचन. "काय म्हणतोय तो?" "विहिरीचं पाणी पिऊ नको म्हणतोय बहुतेक." काळ्या पट्टीत काय लिहिलं होतं याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता, पण काकूंना सिनेमा आवडला.

येत्या शनिवारी 'आंगोरोय' लावायचं ठरलं आहे. काका येणार आहेत, वही घेऊन. मुलगीही येईल, आणि तिचे दोन मित्र नाशिकहून. तिघं एस्पेरांतो शिकणारे एका खोलीत बघायला मिळणं ही पुण्यातसुद्धा रोजची गोष्ट नाही. मित्राने फोन करून एवढंच विचारलं, की मागच्या वेळी दोघं जमिनीवर बसले होते, तर येताना माझ्याकडच्या दोन घडीच्या खुर्च्या आणता येतील का.